गिटारला सर्दी झाली होती!

गेल्या महिन्यात मी माझी गिटार विकायला काढली होती. पहिल्या पगारातली, बरं का! डिस्टॉर्शनवर झकास वाजायची, पण क्लीन वाजवलं की सूर थेट कानात टोचायचा. नवे पिकअप घ्यावेत, तर ईएमआयने खिसा आधीच कापलेला. तेव्हा बॅण्डमधला मित्र म्हणाला, "येड्या, पिकअप कशाला? आतलं मॅग्नेट बदल ना!"

हंबकरच्या दोन कॉइल्सखाली पट्टीसारखं एक चुंबक असतं. माझ्या ब्रिज पिकअपमध्ये सिरॅमिक होतं, एकदम ताकदवान आणि धारदार. त्याजागी अल्निको टू घालायचं ठरलं. हे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टवालं चुंबक जरा मवाळ असतं. मवाळ म्हणजे मिळमिळीत नव्हे हं, स्लॅशचे पिकअपही अल्निको टूचेच!

रविवारी तारा काढल्या, पिकअप उलटा केला, तळाचे चार स्क्रू सैल केले. कॉइलची तार केसाएवढी बारीक. तुटली की पिकअप खलास! श्वास रोखूनच जुनं चुंबक सरकवलं, नवं बसवलं.

ब्रिज पिकअप एकटा मस्त वाजला. पण दोन्ही पिकअप एकदम चालू केले आणि गिटारला सर्दीच झाली! पातळ, नाकातला आवाज. चुंबक उलटं बसलं होतं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकमेकांचा आवाज खात होते. जुनं काढतानाच साध्या होकायंत्राने ध्रुव तपासून खूण करायला हवी होती. पुन्हा तारा, पुन्हा स्क्रू.

आता आवाज किंचित कमी झालाय, पण टोचत नाही. कालच एकाचा फोन आला, "गिटार आहे का अजून?" म्हटलं, आहे. विकायची नाहीये.