बाकावर उभं कोण आहे?

हल्ली टॅरोचं वेड आपल्या गावांपर्यंत येऊन पोचलंय. पूर्वी पेपर आला की आधी राशिभविष्याचं पान उघडायचं, आता मोबाइलवर कुणीतरी पत्ते पिसतं आणि ‘आज तुमच्यासाठी हे कार्ड’ म्हणून सांगतं. माझा भविष्यावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. पण चित्रं बघायला मला आवडतात, आणि या ७८ पत्त्यांमधलं एक चित्र माझ्या मनात घर करून बसलंय.

त्याचं नाव ‘थ्री ऑफ पेंटॅकल्स’. पेंटॅकल म्हणजे पाच टोकांची चांदणी असलेलं गोल नाणं. चित्रात एका दगडी मठाची कमान आहे आणि तिच्या नक्षीत अशी तीन नाणी कोरलेली आहेत. कमानीपाशी एका बाकावर पाथरवट उभा आहे, हातात हातोडा. समोर दोघं जण. एक मठातला साधू, दुसरा डोक्यावरून झगा घेतलेला माणूस, त्याच्याकडे इमारतीचा नकाशा. बस्स, एवढंच चित्र.

याचा अर्थ सांगणारे ठरावीक सांगतात. कौशल्याची कदर होईल, टीमवर्क जमेल, सर्वांशी सहकार्य करा, यश मिळेल. चुकीचं नाही ते. पण हाच सल्ला बाईच्या कानावर पडला की त्याचा रंग बदलतो. ‘सहकार्य करा’ म्हटलं की आपल्याला काय ऐकू येतं? जुळवून घ्या, आवाज चढवू नका, सगळ्यांचं झालं की मग स्वतःचं बघा. जन्मभर तेच तर ऐकत आलोय!

मैत्रिणींनो, चित्र जरा नीट बघा. कोण कुणाकडे आलंय? ज्याच्या मठाचं काम आहे तो साधू आणि नकाशा घेतलेला माणूस, दोघंही पाथरवटाकडे आलेत. ते खाली जमिनीवर आणि हा बाकावर, त्यांच्यापेक्षा उंच. तो काही हात जोडून उभा नाही. एकाकडे जागा, एकाकडे आराखडा, एकाच्या हातात कला. तिघांतला एक जरी निघून गेला तरी कमान उभी राहायची नाही, आणि हे तिघांनाही ठाऊक आहे. याला मी सहकार्य म्हणेन. एकानेच वाकायचं, त्याला वेगळा शब्द आहे.

आता गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी, की हे चित्र काढलं एका बाईने आणि तिच्याच वाट्याला हे सहकार्य आलं नाही. पामेला कोलमन स्मिथ तिचं नाव. जन्म १८७८, लंडनमध्ये. आर्थर वेट नावाच्या लेखकाने तिच्याकडून १९०९ साली हे पत्ते काढून घेतले, आणि रायडर नावाच्या प्रकाशकाने ते छापले. त्याआधीच्या बहुतेक संचांत साध्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत, आपल्या खेळायच्या पत्त्यांवर बदाम-इस्पिक असतात तशी. पामेलाने तिथे माणसं आणली, घरं, बागा, रडणं-हसणं आणलं. हा पाथरवटही त्यातलाच. मोबदला एकदाच मिळाला आणि तोही फार थोडा. काम मोठं आणि पैसे अगदी कमी, असं तिनेच त्या वर्षी एका ओळखीच्या छायाचित्रकाराला पत्रात कळवलं होतं. पत्ते जगभर खपले ते ‘रायडर-वेट’ या नावाने. छापणाऱ्याचं नाव आलं, सांगणाऱ्याचं आलं, काढणारीचं तेवढं राहिलं. १९५१ मध्ये ती इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात वारली, तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आता आता कुठे लोक ‘स्मिथ’ हे नाव जोडायला लागलेत. बाई हुशार मात्र! पत्त्यांच्या कोपऱ्यात वेलबुट्टीसारखी वळणदार सही करून ठेवली होती, म्हणून ती पुसता आली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचंच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे त्याचा लिज्जत झाला, ते आपण सगळ्या जाणतो. पण त्यातली खरी गोष्ट पापडाच्या चवीपेक्षा हिशेबात आहे. लाटणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली ती २०२१ मध्ये. बासष्ट वर्षांनी! असो, मिळाली तरी.

आमच्या बचत गटाने मध्यंतरी शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं होतं. एका ताईंच्या हातात कात्री दिली की चिंधीएवढं कापड वाया जात नाही. सगळं कटिंग त्यांनीच केलं. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा हिशेब निघाला नगावर, जिने जितके शिवले तितके तिचे. ताईंनी शिवला एकही नव्हता. ‘त्यांनी आपल्याला सहकार्य केलं’ म्हणून त्यांना साडी द्यायचं ठरत होतं. तेव्हा गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, “साडी कशाला? पुढच्या वेळी न कापताच शिवा की गं!” बैठक तापली. दोघी-तिघींना राग आला, एकीने तर महिनाभर ताईंशी बोलणं टाकलं. कटिंगचा दर मात्र नगामागे वेगळा ठरला.

आता आमच्या वहीत कटिंग, शिलाई, काजं-बटणं असे वेगवेगळे रकाने आहेत. इस्त्री करून घड्या घालणाऱ्या दोघींचा रकाना अजून झालेला नाही. येत्या बैठकीत तो विषय आहे, आणि पुन्हा वाद होणार हे मी आजच सांगते. त्याला पत्ते कशाला पिसायला हवेत!