बिनइमारतीच्या शाळेतली मंडळे

पालकहो, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९९७ साली ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही सरकारी शाळा सुरू झाली. तिथे शिक्षक आणि मुले संगणकावरच भेटतात. मग मधल्या सुट्टीतली मैत्री आणायची कुठून? म्हणून अशा शाळांतून विद्यार्थ्यांची मंडळे चालवतात. कुणी विज्ञानाच्या मंडळात जातो, कुणी वाचनाच्या. ठरल्या वेळी सगळे पडद्यावर जमतात.

याहून मानाची ‘नॅशनल ऑनर सोसायटी’. तिथल्या मुख्याध्यापकांच्या संघटनेने ती १९२१ साली काढली. तिच्या शाखा आता ऑनलाइन शाळांतही आहेत. गुण चांगले हवेतच, पण सेवा, नेतृत्व आणि चारित्र्यही पाहतात. निवड शाळेचेच शिक्षक करतात. (आपल्याकडे पहिला नंबर आला, पेढे वाटले, की संपले!)

एक गोष्ट मात्र खटकते. अनेक शाखा समाजसेवेचे तास मोजून मागतात. आई कामावर गेली की धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या, जेवू घालणाऱ्या मुलीचे तास त्यात सहसा धरत नाहीत. वर्गात बसणारी मुलगी दमलेली असली तर बाईंना दिसते तरी. इथे तिने स्वतःहून सांगितले नाही, तर शिक्षकांना कळणार कसे?