रोजचं डोकं आणि रोजची गोळी

बहुतेक घरांत फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, बामची बाटली आणि दोन वर्षांपूर्वीचं खोकल्याचं औषध. कुणाचं डोकं दुखलं की हात तिकडे जातो. महिन्यातून दोन-तीनदा गेला तर त्यात काही बिघडत नाही. पण काही घरांत एकाच माणसाचा हात रोज त्या डब्याकडे जातो, आणि तो हात बहुधा घरातल्या बाईचा असतो. वयात आल्यानंतर अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने जास्त आढळते. या महिन्याचं हे पान त्या बहिणींसाठी आहे, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

महिन्यातले १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोकं दुखतं आणि असं तीन महिन्यांहून जास्त चालतं, तेव्हा तिला जुनाट रोजची डोकेदुखी म्हणतात. हा काही एकच आजार नव्हे. कधी मुळात अर्धशिशी असते, महिन्यातून दोनदा येणारी, ती वाढत वाढत रोजची होते. कधी डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं दुखतं, मान आणि खांदे आखडतात. आणि या दोन्हींच्या पाठीवर बसून येणारी तिसरी असते, ती गोळ्यांनीच जन्माला घातलेली.

या तिसरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ती फार घरांत आहे आणि तिचं नावही कुणाला माहीत नसतं. दुखणं थांबवणारी गोळी वारंवार घेतली की मेंदूला तिची सवय होते. गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा चढतं, म्हणून पुन्हा गोळी, आणि हे चक्र चालू राहतं. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून १५ दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली किंवा अर्धशिशीची खास गोळी महिन्यातून १० दिवस घेतली, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, की हा धोका सुरू होतो. इथे गोळ्यांची संख्या नाही, दिवस मोजायचे. किराणा दुकानात सुट्या मिळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनही असतं, म्हणजे चहाची तलफ गोळीतूनच लागते. शिवाय रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी तर हे फारच सांभाळायला हवं.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे: गोळी बंद करणे. करायला मात्र अवघड. बंद केल्यावर पहिले दोन दिवस ते आठ-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. इथेच बहुतेकजणी हरतात आणि डब्याकडे वळतात. म्हणून हे काम एकटीने, घरात पाहुणे असताना किंवा मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत करू नये. डॉक्टरांना सांगून, तारीख ठरवून, घरच्यांना आधी कल्पना देऊन करावं. कोडीन, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम तोडू नयेत, त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. त्या आठ-दहा दिवसांत नवऱ्याने संध्याकाळचा स्वयंपाक सांभाळला किंवा सासूबाईंनी मुलांना आपल्या खोलीत नेलं, तर त्याचा उपयोग कुठल्याही बामपेक्षा जास्त होतो.

आता अर्धशिशीच्या नावाविषयी. या नावामुळे लोकांना वाटतं की दुखणं अर्ध्या डोक्याचंच असणार. तसं नाही. ते आज उजवीकडे, उद्या डावीकडे, कधी दोन्ही बाजूंना, कधी मानेतून वर चढणारं असू शकतं. खाली वाकलं, सजद्यात गेलं की डोकं ठणकतं, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. मग कुणीतरी म्हणतं, 'सायनस आहे.' वर्षानुवर्षं सायनसची औषधं चालतात. खरं तर वाकल्यावर वाढणारं दुखणं अर्धशिशीतही असतं, आणि उजेड व आवाज नकोसा होणं, मळमळणं ही तिची खूण सोबत असेल तर सायनसपेक्षा तिचाच संशय आधी घ्यायला हवा. चष्म्याचा नंबर आणि ब्लडप्रेशर यांच्यावरही असाच नाहक आळ येतो. दोन्ही तपासून घ्यावं, पण रोजच्या डोकेदुखीचं मूळ तिथे क्वचितच सापडतं.

काही बहिणींची तक्रार याच्याही पुढची असते. 'डॉक्टर आपा, काल खांदा होता, आज कंबर आहे, परवा पिंढऱ्या होत्या. डोकं तर कायमचंच.' सांगताना त्या स्वतःच ओशाळतात, कारण घरात यावर हसून झालेलं असतं. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल. आणि नॉर्मल रिपोर्ट हातात आला की घरचे म्हणतात, 'बघ, काही नाही तुला.'

मला या वाक्याचा राग येतो. रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे हाडाला, रक्ताला काही झालेलं दिसलं नाही एवढंच. वेदना मोजणारा रिपोर्ट अजून कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. शरीरात वेदनेची खबर देणारी एक यंत्रणा आहे. ती दीर्घकाळ चेतलेली राहिली की तिचा आवाज वाढून बसतो. मग केस विंचरले तरी टाळू दुखते, बांगडी टोचते, कुणी सहज खांद्यावर हात ठेवला तरी कळ येते. अंगभर फिरणारी वेदना, झोपून उठल्यावरही न गेलेला थकवा आणि काही आठवता न येणं, हे सगळं महिनोन्‌महिने एकत्र असेल तर त्याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. तो आणि अर्धशिशी पुष्कळदा एकाच घरी राहतात. अर्थात हे नाव देण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि 'ड' जीवनसत्त्व पाहून घ्यावं, सांध्यांना सूज आहे का तेही पाहावं. ज्यांचा दिवस घरातच जातो त्यांच्यात 'ड' जीवनसत्त्व कमी सापडणं नेहमीचंच आहे.

उपचारात दोन प्रकारची औषधं असतात, हा फरक समजला नाही तर पुढचं सगळं फसतं. एक दुखलं की घ्यायचं. दुसरं दुखू नये म्हणून रोज घ्यायचं. दुसऱ्या प्रकारात अमिट्रिप्टिलीन हे फार जुनं औषध आहे, झोपताना अगदी लहान मात्रेत देतात. घरातला शिकलेला मुलगा मोबाइलवर त्याचं नाव टाकतो, 'डिप्रेशनची गोळी' असं वाचतो, आणि अम्मीची गोळी बंद होते. मोठ्या मात्रेत ते त्यासाठी वापरतात हे खरं. लहान मात्रेत ते वेदनेची ती यंत्रणा शांत करतं. प्रोप्रॅनोलॉल हे दुसरं, पण दम्याच्या रुग्णाने ते घेऊ नये. व्हॅलप्रोएट आणि टोपिरामेट गर्भाला अपाय करू शकतात, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, लाजू नये. यातलं कुठलंही औषध आठ दिवसांत गुण देत नाही. सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, आणि दुखणं निम्म्यावर आलं तरी ते यशच धरतात. अंगदुखीला तर गोळीपेक्षा रोजचं चालणं अधिक लागू पडतं. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी घरभर सफाई काढून पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडावी.

रमजानचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या दोन-तीन रोजांना दुपारनंतर चढणारं डोकं पुष्कळदा उपाशीपोटाचं कमी आणि चहाचं जास्त असतं. कॅफीन तुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि हे काही दिवस टिकतं. म्हणून शाबानमध्येच दिवसाच्या पाच कपांवरून दोनावर यावं. सहेरी टाळू नये, इफ्तार ते सहेरी पाणी थोडं थोडं पीत राहावं. रोजची प्रतिबंधक गोळी बहुधा रात्री एकदाच असते, ती इफ्तारनंतर घेता येते. दिवसातून दोनदा असेल तर वेळा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्याव्यात. आणि उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल तर अंगावर काढू नये. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. सासर काय म्हणेल या भीतीपोटी ती नाकारणाऱ्या बहिणी मी दरवर्षी पाहते.

ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावं अशी डोकेदुखी निराळी असते: क्षणार्धात वीज पडल्यासारखी आयुष्यातली सगळ्यात भयंकर कळ, तापासोबत मान ताठरणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, नजर अंधुक होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं किंवा गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं आणि घास चावताना जबडा भरून आला तर त्याच दिवशी दाखवावं, त्यात नजर जाण्याची भीती असते. हे काही नसेल तर दर वर्षी नवा एमआरआय काढण्यात पैसे घालवू नयेत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक महिना साधी वही ठेवा. तारीख, दुखणं किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती, कुठली गोळी घेतली, रात्री किती झोप झाली, पाळीचे दिवस कोणते. लिहिता येत नसेल तर मुलीला कॅलेंडरवर खुणा करायला सांगा, लाल टिंब दुखण्याचं, निळं गोळीचं. महिनाअखेर निळी टिंबं मोजा. आणि वहीसोबत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही पिशवीत घालून न्या, 'पांढरी, मोठी, मधे रेघ असलेली' एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही.