पोटावरचा डाग

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात दोन क्लाउनफिश. (२००३ साली 'फाइंडिंग नेमो' आल्यापासून या माशाला लहान मुलं सरळ नेमोच म्हणतात.) एकाच्या अंगावर शहाण्यासारखे तीन पांढरे पट्टे, दुसऱ्याचा मधला पट्टा मात्र कुणीतरी ब्रश अर्धवट टाकून चहा प्यायला गेल्यासारखा. मी म्हटलं, "दुकानदाराने गळ्यात मारला वाटतं खराब माल." मित्र हसला. "अरे वेड्या, हा पिकासो आहे. साध्यापेक्षा महाग मिळतो!"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. 'हा बग नाही, फीचर आहे' हे वाक्य मी पोटापाण्यासाठी इतक्यांदा बोललोय की खरं तर मला काही वाटायला नको. पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळू लागला. टाकीत वाढवलेल्या माशाचा रंग बिघडतो म्हणजे नक्की काय होतं? आणि तो बिघाड आहे की शोभा, हे कोण ठरवतं? दोन-तीन वीकेंड त्यात गेले. जे सापडलं त्यातून माझं एक मत झालंय, ते मांडतो. पटलं तर घ्या.

आधी थोडं मूळ. माशाच्या अंगाला रंग भिंतीसारखा वरून लागत नाही. गर्भात पाठीच्या मज्जारज्जूच्या जागेजवळ काही पेशी तयार होतात, त्या तिथून निघून अंगभर पसरतात आणि त्यांच्यातल्या काही रंगपेशी बनतात. मुख्य प्रकार तीन: काळ्या, पिवळ्या-नारिंगी, आणि आरशासारखा प्रकाश परतवणाऱ्या चमकदार. या तिघींनी कुठे बसायचं यावर पट्टे, ठिपके, चांदी सगळं ठरतं. नेमोचे पांढरे पट्टे म्हणजे या चमकदार पेशीच. गंमत म्हणजे बऱ्याच माशांत हे काम दोनदा होतं. अंड्यातून निघालेल्या इवल्याशा अळीचा रंग वेगळा, आणि रूपांतर होऊन ती 'मासा' झाली की त्याचा रंग वेगळा. मधल्या या घडामोडीची सूत्रं थायरॉइडच्या संप्रेरकाकडे असतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडते तेव्हाही तेच संप्रेरक कामाला असतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे बाजारात लेप मिळते ना, चपटी, दोन्ही डोळे एकाच बाजूला? तिच्यासारखाच एक चपटा मासा जपानात फार मानाचा आहे. त्याचं नाव हिरामे. सुशीत तो असतो, महाग असतो आणि जपानी लोक गेली अनेक दशकं त्याची पिल्लं टाक्यांमध्ये वाढवतात. काही विकायला मोठी करतात, काही समुद्रात सोडतात. अनेक वर्षं तर वर्षाला एक कोटीहून जास्त पिल्लं सोडली गेली. आपण तळ्यात कटला-रोहूची बोटुकली सोडतो तसंच, पण समुद्रात!

हिरामे जन्मतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो, सरळ उभा पोहणारा, एकेका बाजूला एकेक डोळा. तीन-चार आठवड्यांनी, जेमतेम सेंटिमीटरभर असताना, त्याचा उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि मासा आडवा होऊन तळाशी बसतो. डोळ्यांची बाजू वाळूच्या रंगाची होते, खालची पांढरीशुभ्र राहते. वर छद्मवेश, खाली कोरा कागद. इतका साधा स्पेक.

टाक्यांमध्ये मात्र हा स्पेक दोन्ही बाजूंनी फाटायचा. काही पिल्लांच्या वरच्या बाजूला पांढरे चट्टे, तर काहींच्या पांढऱ्या पोटावर काळे डाग. जपानात अशा माशाला 'पांडा हिरामे' म्हणतात. नाव गोड आहे, भाव मात्र पडतो.

आधी पांढरे चट्टे घेऊ, कारण ती डीबगिंगची अस्सल गोष्ट आहे. अळी अवस्थेत सगळी पिल्लं ठीक दिसतात. गडबड रूपांतरानंतर दिसते, जेव्हा मोठेपणीच्या काळ्या पेशी वरच्या बाजूला यायला हव्या असतात आणि येत नाहीत. म्हणजे एरर दिसतो एका ओळीवर आणि चूक असते शंभर ओळी आधी. ज्याने रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचे लॉग चाळलेत त्याला हे दुःख सांगायला नको. १९८०च्या दशकात तादाहिसा सेइकाई आणि इतर जपानी संशोधकांनी हे मागे मागे जात शोधलं. आणि चूक सापडली कुठे, तर ताटात!

मत्स्यबीज केंद्रात पिल्लांना आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया देतात. आर्टेमिया म्हणजे खारट सरोवरातला एक बारीक कोळंबीसारखा जीव. त्याची अंडी सुकी, डब्यात बंद मिळतात. खारट पाण्यात टाकली की साधारण दिवसभरात जिवंत खाऊ तयार. आपल्या इन्स्टंट नूडल्सच म्हणा ना. ही सोय नसती तर जगातली निम्मी-अधिक समुद्री मत्स्यशेती उभीच राहिली नसती असं मला वाटतं. पण समुद्रातलं पिल्लू आर्टेमिया खात नाही, कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव खातं. सेइकाईंनी समुद्रातून गाळून आणलेला तसा खाऊ पिल्लांना दिला तर चट्टे एकदम कमी झाले. उलट ब्राझीलहून आलेल्या आर्टेमियावर पिल्लं वाढवली की चट्टेवाल्यांचं प्रमाण चढायचं. लायब्ररी तीच, व्हेंडर वेगळा आणि बिल्ड फुटला!

पुढे कारणं उलगडत गेली. आर्टेमियात डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसतंच. 'अ' जीवनसत्त्वही कमी. टर्बट, सोल अशा युरोपातल्या चपट्या माशांवर काम झालं, तेव्हा कळलं की ॲराकिडोनिक आम्ल नावाचं दुसरं मेदाम्ल जास्त झालं तरी रंग बिघडतो. म्हणजे नुसतं 'हे कमी, ते घाला' असं नाही, प्रमाणाचा खेळ आहे. आणि हे सगळं रूपांतराच्या आधीच्या थोड्या दिवसांत. ती खिडकी बंद झाली की मग बदाम खाऊ घाला नाहीतर केशर.

मग माणसाने काय केलं? जे आपण करतो तेच. पॅच मारला. आर्टेमियाला आधी डीएचएचं तेल आणि जीवनसत्त्वं खाऊ घालायची, मग ती आर्टेमिया पिल्लांना. चट्टे कमी झाले. पण 'अ' जीवनसत्त्वाचा हात सैल सुटला तर पिल्लांच्या मणक्यांत व्यंग येऊ लागलं. रंग सुधारला, कणा वाकला. रिग्रेशन टेस्ट न करता केलेल्या दुरुस्तीचं याहून चांगलं उदाहरण मला आमच्या क्षेत्रातही सापडलेलं नाही.

अजून एक गोष्ट मला चकित करून गेली. पांढऱ्या चट्ट्याच्या जागी नुसता रंग गेलेला नसतो. तिथले खवलेसुद्धा खालच्या बाजूसारखे गुळगुळीत असतात. वरच्या बाजूचे खवले खरं तर काटेरी कडेचे असायला हवेत. आणि पोटावर काळा डाग पडतो तिथे काटेरी खवले येतात. म्हणजे चामडीच्या त्या तुकड्याला आपण वर आहोत की खाली हेच कळलेलं नाही! रंग हे त्याचं फक्त दिसणारं टोक.

आता काळा डाग, जिथे माझा खरा मुद्दा आहे.

पोटावरच्या डागाचा बराचसा भाग रूपांतरानंतर, हळूहळू पसरत येतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे टाकीचा गुळगुळीत तळ. समुद्रात हा मासा वाळूत स्वतःला गाडून घेतो, टाकीत गाडणार कशात? तळाशी वाळू घातली तर डाग कमी पडतात असं प्रयोगांत दिसलंय. वाळूची साफसफाई म्हणजे डोक्याला ताप, म्हणून तळाला खडबडीत जाळी अंथरण्याचाही उपाय निघाला, आणि त्यानेही फरक पडला.

पण समुद्रात सोडलेल्या पिल्लांचा हा डाग जन्मभर टिकतो. दोन-तीन वर्षांनी तो मासा कुणाच्या तरी जाळ्यात येतो, बाजारात उलटा केला की पोटावर काळं! बस्स, कळलं की हा टाकीतला. इवाते प्रांतातल्या मियाकोसारख्या बंदरांच्या बाजारात बसून संशोधकांनी हिरामे उलटेपालटे करून मोजले, आणि त्यावरून सोडलेल्यांपैकी किती जगले, किती परत आले याचा हिशोब मांडला. सार्वजनिक पैशातून कोट्यवधी पिल्लं समुद्रात सोडायची, तर ती नुसती माशांच्या पोटात जातायत की कोळ्याच्या जाळ्यात, हे कुणीतरी विचारायला नको? ते उत्तर या 'दोषा'ने दिलं. फुकट, आयुष्यभर न पुसणारा टॅग!

बाजारात मात्र त्याच डागाने भाव पाडला. मांस तेच, चव सांगायची तर डोळे बांधून किती जण ओळखतील शंका आहे. पण वरून रंग बघायचा आणि किंमत ठरवायची ही खोड काही फक्त जपानी गिऱ्हाइकाची नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती वाचा, रंगाची रांग कुठून सुरू होते ते कळेल. असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

तर माझं म्हणणं असं. टाकीतल्या माशाचा रंग म्हणजे त्याच्या पहिल्या काही आठवड्यांचा लॉग आहे. काय खाल्लं, कधी खाल्लं, पायाखाली काय होतं, सगळं त्यात लिहिलंय. आपण त्या लॉगचं दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर त्याची शिक्षा माशाला (आणि तो पकडणाऱ्या कोळ्याला) देतो, नाहीतर त्याला पिकासो नाव देऊन दाम वाढवतो. वाचत मात्र नाही. मित्राच्या नेमोचंच घ्या. अशी काही रूपं अनुवंशिक असतात, पिढ्यान्‌पिढ्या निवडून टिकवलेली, पण काही निव्वळ संगोपनात चुकलेली. टाकीबाहेरून बघून मला तरी ओळखता येणार नाही, आणि दुकानदार सांगणार नाही.

नेमोच्या पट्ट्यांत किती काय लिहिलेलं असतं बघा. २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात दोन वेगवेगळ्या जातींच्या समुद्रफुलांमध्ये क्लाउनफिशची पिल्लं राहतात. एका जातीत राहणाऱ्यांचे पांढरे पट्टे लवकर येतात, दुसरीत उशिरा. लवकरवाल्यांमध्ये थायरॉइडचं संप्रेरक जास्त आढळलं. म्हणजे पट्टा कधी उमटला यावरून पिल्लू कुठल्या घरात वाढलं याचा अंदाज! आणि आपण त्याला नुसती नक्षी म्हणतो.

यावर कुणी म्हणेल, "तुझं काय जातंय? ज्याची पिल्लं डाग पडून निम्म्या भावाने जातात त्याला विचार." खरंय. वाढवून विकणाऱ्याने डाग जरूर टाळावा, वाळू घालून, जाळी घालून, नीट खाऊ देऊन. ती दुरुस्ती मुळाशी जाणारी आहे आणि माशालाही ती बरीच मानवत असणार. माझा विरोध वरवरच्या रंगकामाला आहे. आपल्याच देशातल्या काचेसारख्या पारदर्शक चांद्याला परदेशी बाजारासाठी सुईने रंग टोचून विकायचे, ते आठवा. तो लॉग वाचणं नाही, लॉग खोडून त्यावर जाहिरात चिकटवणं आहे.

आणि समुद्रात सोडायच्या पिल्लांचं म्हणाल तर तिथे मला घाई नको वाटते. डाग शून्यावर आला की बाजारात कुणालाच कळणार नाही कुठला मासा कुठला. त्या दिवसाआधी दुसरी खूण तयार हवी. तसे उपाय आहेत: पिल्लांच्या कानातल्या खड्याला रसायनाने रंगीत वळं देता येतं, जनुकांवरून आईबाप शोधता येतात. पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते, पैसे लागतात. डागासाठी फक्त मासा उलटा करायला लागायचा. लॉगिंग बंद करायचं तर मॉनिटरिंग आधी उभं करा, एवढंच. हे वाक्य मी ऑफिसात म्हटलं की लोक जांभया देतात, इथे म्हणायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही किनाऱ्यावर शोभेच्या आणि खाण्याच्या समुद्री माशांचं बीज तयार करण्याची उमेद वाढतेय. चांगलंच आहे. फक्त सुरुवातीपासून एक वही ठेवा: कुठल्या तुकडीला कुठला खाऊ, कितव्या दिवशी, टाकीचा तळ कसा, आणि शेवटी रंग कसा आला. दहा वर्षांनी ती वही टाक्यांपेक्षा मोलाची ठरेल.

मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे माझा नेमो खराब माल आहे?"

"नाही रे," म्हटलं, "लहानपणी त्याचं काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच."