पाहुणा की सोबती?



परीक्षा संपली की तुम्ही कुठे जाता? मामाच्या गावाला! परदेशातली काही मुलं मात्र सुट्टीत दुसऱ्याच देशात जातात. चर्चमधल्या तरुण मुलामुलींचा गट असतो. पैसे साठवून, वर्गणी काढून ते दूरच्या एखाद्या गरीब वस्तीत पोचतात. दोन आठवडे तिथल्या चिमुकल्यांना गाणी शिकवतात, खेळ घेतात, शाळेची भिंत रंगवतात आणि परत जातात. हेतू चांगलाच. पण मागे राहिलेल्या मुलांचं काय?

मी पहिलीला शिकवते. आमच्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडते. नवं मूल दप्तर छातीशी धरून बसतं. नाव विचारलं तरी बोलत नाही. तान्हा पोळा जवळ आला की कुठे ते बाईंचा पदर ओढून घरची गोष्ट सांगू लागतं. इतका वेळ लागतो! मग दोन आठवड्यांत लळा लावून पाहुणे निघून गेले, तर ते मूल पुढच्या पाहुण्याजवळ मोकळं होईल का?

म्हणजे परक्या मुलखात जाऊच नये? तसं नाही हं. कसं जावं, ते पाहायला आमच्या वर्धा जिल्ह्यात या. सेलूहून एस.टी.नं वर्धा गाठायचं, तिथून सेवाग्राम फक्त आठ किलोमीटर.

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांनी हातानं काम करत, मातृभाषेतून शिकावं, असा गांधीजींचा आग्रह होता. हीच ‘नयी तालीम’. सेवाग्रामची मुलं टकळीवर सूत कातत, बाग करत, स्वयंपाक आणि सफाई करत. सुताचे तार मोजता मोजता गणित व्हायचं! हे काम सांभाळणाऱ्या आशादेवी बंगाली होत्या आणि त्यांचे पती आर्यनायकम् मूळचे श्रीलंकेचे.

त्यांच्या कामात एक इंग्रज बाई येऊन मिळाल्या. त्यांचं नाव मार्जरी साइक्स. जन्म १९०५चा, शिक्षण केंब्रिजला. १९२८ साली त्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मुलींच्या मिशन शाळेत शिकवायला आल्या. तिथे त्या तमिळ शिकल्या. पुढे शांतिनिकेतनला गेल्या, तर बंगाली शिकल्या. इतकी, की रवींद्रनाथांची नाटकं त्यांनी इंग्रजीत आणली! जिथे जायचं, तिथली भाषा आधी शिकायची.

१९४९च्या सुमाराला त्या सेवाग्रामला आल्या. इथे त्यांनी मुख्य काम कोणतं घेतलं, ठाऊक आहे? शिक्षक घडवण्याचं. मला हे फार मोलाचं वाटतं. बाहेरून आलेला माणूस एक दिवस जातोच. मुलांजवळ राहतो तो त्यांचा शिक्षक. तो तयार झाला, तर पाहुणा गेल्यावर काम थांबत नाही. १९५९ साली मार्जरीबाई निलगिरीतल्या कोटागिरीला गेल्या. १९९५ साली त्या वारल्या. पण आयुष्यातली बहुतेक वर्षं त्यांनी भारतातच काढली. सेवाग्रामची जुनी शाळा मधे बंद पडली होती. त्याच आवारात २००५पासून ‘आनंद निकेतन’ शाळा भरते आहे.

आता तुमची पाळी. विमानाची गरज नाही! तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत जा. सेविकाताईंना आधी विचारा, “ताई, तुम्हाला कशात मदत हवी?” त्या सांगतील तेच करा. पाणी भरा, चटई झटका, चिमुकल्यांचे हात धुवून द्या. दर शनिवारी यायचं कबूल केलंत, तर दर शनिवारी जाच. कापूस वेचायला आलेल्या घरचं, वेगळी बोली बोलणारं एखादं पोर दिसलं, तर त्याचे चार शब्द त्याच्याकडूनच शिका. बघा, ते कसं हसतं!

आणि महिन्यानं मला पत्र लिहा. तुम्ही काय शिकवलंत ते नको, काय शिकलात ते कळवा.

तुमच्या,
बाई