पाखरांची मोजदाद आणि जमिनीचा हिशेब

शहरातील उद्याने, टेकड्या आणि तळी येथे पक्ष्यांची गणना करणे हा पोटभरल्यांचा छंद आहे, असा समज आपल्या कार्यकर्त्यांत रूढ आहे. तो चुकीचा तर आहेच, शिवाय भांडवलदारांच्या सोयीचाही आहे. जिच्यावर काय जगते याची नोंद नाही, ती जमीन सरकारदफ्तरी ‘मोकळी’ ठरते. आणि मोकळी ठरलेली जमीन कोणाच्या घशात जाते, हे श्रमिकांना सांगावयास नको.

मुंबईच्या आरे वसाहतीचे उदाहरण पाहा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली होती. आरे हे वन नव्हेच, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. त्याविरुद्ध उभे होते ते तेथील आदिवासी पाडे आणि अभ्यासकांनी केलेल्या पशुपक्ष्यांच्या नोंदी. पुढे आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन झाली. कारशेड मात्र तेथेच उभी राहिली. केवळ नोंदींनी लढा जिंकता येत नाही हे खरे. पण नोंदींवाचून तो उभाही राहत नाही.

‘एक झाड तोडू, त्याच्या बदल्यात अनेक रोपे लावू’ हा राज्यकर्त्यांचा आवडता हिशेब. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही शुद्ध लबाडी आहे, कारण भिन्न मोलाच्या वस्तू येथे समान धरल्या जातात. पिंगळा आणि पोपट जुन्या खोडाच्या ढोलीत संसार मांडतात. तांबट वाळक्या फांदीत घर कोरतो. रोपाला ढोली कोठून येणार? टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. पालिका ज्याला सुशोभीकरण म्हणते, ते फरशीचे रस्ते आणि कातरलेली हिरवळ तिला बेघर करतात. ही लबाडी उघडी पाडते ती पाखरांची गणनाच.

२०२३च्या देशव्यापी पक्षी-अहवालामागे सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी होत्या. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींच्या रक्षणास अग्रक्रम हवा, असे ठरले. परंतु जेथे फुरसत आणि दुर्बीण, तेथेच नोंदी दाट. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तेथील जळकोटसारख्या गावांचे गायरान आणि तळी कोणी मोजावयाची?

२००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर लोक-जैवविविधता नोंदवहीची जबाबदारी टाकली आहे. आपल्या गावची नोंदवही कोणी लिहिली, लोकांना विचारून लिहिली काय, हे कार्यकर्त्यांनी नगरपंचायतीत जाऊन विचारावे. दरमहा एका सकाळी, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी फिरून दिसलेल्या जाती, त्यांची संख्या आणि घरटी लिहावीत. गुराखी आणि मासेमार यांना सोबत घ्यावे. पाखरांची नावे त्यांच्याजवळ आहेत. सातबारा पाठ असलेल्या चळवळीला ही वही जड जाऊ नये. जमिनीवरचा हक्क सांगावयाचा, तर त्या जमिनीवरील जीवनाची साक्षही आपल्याच हाती हवी.