विश्लेषण : सोयाबीन ऑक्टोबरला निघतं, यंत्र एप्रिलला तयार होतं, इंजिनिअरिंगच्या पोरांचा प्रोजेक्ट शेतापर्यंत का पोचत नाही?

एप्रिल-मे आला की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉलमध्ये टेबलं मांडली जातात. टेबलावर प्लायवूडचं छोटं शेत, हिरवा स्पंज, मातीत खोचलेला सेन्सर आणि बाजूला पाण्याचा मग. माती सुकली की छोटा पंप आपोआप सुरू होतो. परीक्षक मान डोलावतात, फोटो निघतो, मार्क मिळतात. जूनमध्ये तेच यंत्र कपाटात जातं, नाहीतर त्याचे सुटे भाग पुढच्या बॅचच्या पोरांकडे जातात. ज्या शेतकऱ्याच्या नावाने ते केलं, त्याला त्याचा पत्ताही नसतो.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे नुसती परीक्षेची एक पायरी नाही. गावातल्या घराने चार वर्षं फी, होस्टेल, मेस भरलेली असते. कुणी कर्ज काढतं, कुणी जनावर विकतं. 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकारने माफ केली, त्यामुळे लेकीला इंजिनिअरिंगला घालायची हिंमत आणखी घरांना आली. पण नोकरीच्या मुलाखतीत बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो : "प्रोजेक्ट काय केलास, सांग." तिथे गडबड झाली की चार वर्षांची मेहनत अडते.

खरी अडचण वेळापत्रकाची

कॉलेजचं सातवं सेमिस्टर साधारण जुलैच्या आसपास सुरू होतं. विषय ठरवण्यात, गाईड मिळण्यात आणि जुने पेपर वाचण्यात दिवाळी येते. यंत्र हातात येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर सोयाबीन केव्हाच मळून झालेलं असतं, कापसाची वेचणी संपत आलेली असते. मग सोयाबीनच्या यंत्राची चाचणी कशावर घेणार? टेबलावरच.

कांद्याचं गणित याच्या उलटं. रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात चाळीत पडतो आणि सड लागते ती पुढे पावसाळ्याच्या दमट हवेत. चाळीतली उष्णता आणि ओल मोजणारं यंत्र बनवणाऱ्या पोरांची परीक्षा मात्र त्याआधीच उरकते. यंत्र चाललं की नाही, हे कळायच्या आत पोरं पास होऊन बाहेर पडतात.

बाजारात आहे तेच पुन्हा

दुसरी अडचण विषयाची. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करण्याचा प्रोजेक्ट वर्षानुवर्षं होतोय. पण मोबाईल स्टार्टर तालुक्याच्या दुकानात कधीपासून मिळतो, कित्येक शेतकऱ्यांच्या पेटीत तो बसलेलाही आहे. शेतकऱ्याचं दुखणं वेगळं असतं : लाईट रात्रीची येते, एक फेज जाते, व्होल्टेज कमी असतं, मोटार जळते. हे विचारायला बांधावर जावं लागतं.

आणि काही पोरं तर प्रोजेक्ट चक्क विकत घेतात. शहरांत रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट देणारी दुकानं आहेत. पैसे जातात आणि हातात विद्या येत नाही. परीक्षकाने "ही वायर काढली तर काय होईल?" एवढं विचारलं तरी पितळ उघडं पडतं.

योजना आहेत, दुवा कच्चा

उन्नत भारत अभियान 2014 पासून आहे, त्यात संस्थांनी गावं दत्तक घ्यायची असतात. महाराष्ट्रात उन्नत महाराष्ट्र अभियान 2016 मध्ये आलं. 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होते. तिथे आधी प्रश्न दिला जातो आणि मग पोरं उत्तर शोधतात. क्रम हाच बरोबर आहे. आधी यंत्र बनवायचं आणि मग त्याला शेतकरी शोधायचा, हे उलटं झालं.

ग्रामसभेची तारीख धरली तर?

गावात ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा असतात : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. प्रोजेक्ट याच तारखांना बांधता येईल. तिसऱ्या वर्षाच्या 1 मे च्या सभेत पोरांनी नुसतं ऐकायचं आणि प्रश्न लिहून घ्यायचा. 15 ऑगस्टला काय बनवणार ते सांगायचं. 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुगी असते, तेव्हा कच्चं का होईना, यंत्र शेतात न्यायचं. 26 जानेवारीला काय बिघडलं ते सांगायचं आणि पुढच्या 1 मे ला पक्कं यंत्र गावासमोर चालवायचं. सोबत कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतला तर पिकाची बाजूही पक्की होते.

याने प्रदर्शनही सोपं होतं. परीक्षकासमोर काय बोलायचं, हे मग पाठ करावं लागत नाही. कुणाची अडचण होती, आधी किती वेळ किंवा पैसा जात होता, आता किती जातो, यंत्राला खर्च किती आला आणि ते कुठे बंद पडलं, एवढं सरळ सांगायचं. बंद पडलेलं लपवू नये. धुळीने सेन्सर बिघडला, नेटवर्क गेलं, उंदराने वायर कुरतडली, हे सांगणारं पोरगं शेतात जाऊन आलंय हे कुणालाही कळतं. यंत्र चालतानाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवावा, ऐन वेळी लाईट गेली तर तोच कामी येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. कल्पना खरंच नवी असेल, तर ती जाहीर दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करावा. आधीच सगळीकडे दाखवलेल्या गोष्टीचं पेटंट मिळणं अवघड होतं. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. 2021 च्या नियमबदलात शिक्षणसंस्थांसाठी ही फी 80 टक्क्यांनी कमी झाली आहे. कॉलेजात याची चौकशी पोरांनीच करावी. अर्ज कुणाच्या नावाने होतो, तेही विचारावं.

घरच्यांनाही यात काम आहे. सुट्टीत पोरगं आलं की "मार्क किती?" याबरोबर "प्रोजेक्ट कशावर करतोस, आणि तो कुणी वापरून पाहिला?" हेही विचारावं. शेवटचं वर्ष लागायच्या आधी विचारलं, तर दुरुस्तीला एक पूर्ण हंगाम हातात राहतो.